पेशीचे दोन ब्रेक
(मंडळाच्या व्यासपीठावर दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर आहे. म्हणून ब्रेकच्या भाषेतच बोलतो.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यांवरील काही जनुके पेशीच्या वाढीला ब्रेक लावतात. एक ब्रेक निकामी झाला तरी दुसरा गाडी आवरतो. दोन्ही गेले की पेशी बेफाम वाढते. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगावरून हा विचार १९७१ साली मांडला.

तोंडाच्या कर्करोगात बरेचदा ९व्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला आढळतो. त्यासोबत 'पी-१६' नावाचा ब्रेक जातो. तंबाखूतील रसायने गुणसूत्रांना इजा करतात. काही जणांत नुसता पांढरा चट्टा असतानाच ही तूट दिसते. म्हणजे लाल दिवा आधीच लागलेला असतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास कित्येक दशकांपूर्वीच केला होता. तरी आपण इथे तंबाखू मळतो, गुडाखू घासतो. मी स्वतः अठरा वर्षे तंबाखू खाल्ली. गालात चट्टा दिसला, तरी भीतीपोटी पाच महिने कोणाला दाखवला नाही. सुदैवाने तो साधा निघाला. त्या दिवशी डबी फेकली.

गळालेला तुकडा परत जोडता येत नाही. उरलेला ब्रेक सांभाळता येतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम वा चट्टा असेल तर तपासून घ्या. आपल्या रायपुरात आंबेडकर रुग्णालयात कर्करोग विभाग आहे. माझ्यासारखे पाच महिने घालवू नका.