खुर्चीच्या आधीची तयारी



खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळतं. अनुदानित शाळेत निवृत्ती ५८व्या वर्षी. त्यामुळे अनेकांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन वर्षं येतात आणि वेतनबिलं, संचमान्यता, यू-डायस समजून घेण्यातच ती सरतात. मुलांकडे बघायचं राहूनच जातं.

ज्येष्ठता लवकर आणता येत नाही. तयारी मात्र आणता येते. मुख्याध्यापक झाल्यापासून मी तरुण शिक्षकांना आळीपाळीने वेळापत्रक लावायला, यू-डायस भरायला, पालकसभा चालवायला देते. उद्या खुर्ची मिळेल तेव्हा त्यांचा पहिला दिवस फायलींत नाही, वर्गांत जाईल.

बाई, तुम्ही दर आठवड्याला मॉनिटर बदलायचात. मी तेच स्टाफरूममध्ये करते आहे.