सभासद परगावी, फ्लॅट इथे
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



गेल्या 25 वर्षांत आपल्यातले बरेच जण मुलांकडे राहायला गेले. कुणी बंगळूरला, कुणी इंदूरला. फ्लॅट मात्र इथेच आहे.

समजा, एक काका इंदूरला वारले. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, म्हणजे दाखला इंदूरचा. ठेवी-शेअर्ससाठी सक्सेशन सर्टिफिकेट लागलं, तर अर्जही ते राहत होते तिथल्या जिल्हा न्यायालयात. ते मिळालं की भारतभर चालतं.

खरी ओढाताण होते ती फ्लॅटवरून. नॉमिनी मुलाला वाटतं, आता फ्लॅट माझाच. तसं नाही हो! 2019 च्या दुरुस्तीपासून आपल्या सहकार कायद्यात नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो, वारस ठरेपर्यंत. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. बहिणीचा हक्क नॉमिनेशनच्या फॉर्मने जात नाही. आणि भावंडांचा वाद मिटवणं कमिटीच्या हातात नाही.

म्हणून परगावच्या सभासदांना हात जोडून विनंती. मृत्युपत्र करा. साधा कागदही चालतो. 2 साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. शेअर सर्टिफिकेट, खरेदीचा करारनामा कुठे ठेवलाय, ते सगळ्या मुलांना सांगा, एकालाच नको. नॉमिनेशन आणि तिकडचा पत्ता ऑफिसात द्या.

फ्लॅट वाटता येतो, तुटलेली भावंडं जोडणं अवघड.