शेवटची कोण?

आज आपण जरा लांबच्या गावाला जाऊ या. अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रात एक लांबट बेट आहे, क्यूबा. उसाचा आणि तंबाखूचा मुलूख. तिथल्या क्रांतीबद्दल पुष्कळ बोललं जातं. आम्ही मात्र आज तिथल्या बायांच्या चुलीबद्दल बोलणार आहोत.

क्यूबातही रेशन आहे. १९६२ सालापासून घराघरात एक छोटी वही असते, तिला म्हणतात 'लिब्रेता'. आपल्यासारखी पिवळी-केशरी भानगड नाही. श्रीमंत असो की गरीब, वही सगळ्यांना. रेशनच्या दुकानाला 'बोदेगा' म्हणतात. तांदूळ, साखर, घेवडा, तेल, थोडी कॉफी, माणशी रोज एक पाव आणि सात वर्षांपर्यंतच्या लेकरांना दूध, असा तो हिशोब.

हिशोब वहीत असतो, माल दुकानात असेलच असं नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. तिथून येणारं स्वस्त तेल, खत, धान्य आटलं. त्या हलाखीत, १९९२ साली, आपल्या देशातूनही क्यूबाला गहू गेला होता. हवानासारख्या शहरात लोकांनी रिकाम्या जागांवर वाफे करून भाजी पिकवली. ते दिवस सरले, पण टंचाई पुरती गेली नाही. अमेरिकेची व्यापारबंदी साठ वर्षांहून जास्त चालू आहे, आणि सरकारच्या स्वतःच्या धोरणांनीही शेती मागे पडली. २०२४ साली रेशनचा पाव ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला. लेकरांच्या दुधासाठी सरकारला संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागावी लागली.

आता रांगेची गोष्ट. तिथे रांगेत एकामागे एक उभं राहावं लागत नाही. नवीन बाई आली की मोठ्यानं विचारते, "शेवटची कोण?" एक जण हात वर करते, "मी." तिचा चेहरा लक्षात ठेवायचा, ती कोणाच्या मागे आहे तेही विचारून घ्यायचं, मग खुशाल सावलीत बसायचं. पुढची आली की आपण म्हणायचं, "मी." चिठ्ठी नाही, शिपाई नाही. पेन्शन पुरत नाही म्हणून काही म्हातारी माणसं चार पैसे घेऊन दुसऱ्याची रांगही धरतात.

पाव-तांदूळ घरी आले, तरी शिजवायचे कसे? वीस वर्षांपूर्वी सरकारनं घरोघरी विजेवरचे भाताचे कुकर वाटले. आता वीजच टिकत नाही. २०२४च्या ऑक्टोबरात तर अख्ख्या देशाची वीज एकदम गेली. 'वीज गेली' काय म्हणायचं, 'वीज आली' हीच बातमी, असा तिथला विनोद आहे. मध्यरात्री दिवा लागला की बाई उठते, भात लावते, पाणी भरते, कपडे धुते. नाहीतर कोळशावर स्वयंपाक. त्याच वर्षी मार्चमध्ये सान्तियागो शहरात लोक रस्त्यावर उतरले. मागणी दोनच शब्दांची होती: वीज आणि अन्न.

ही बाई अडाणी नाही बरं का. क्यूबात निम्म्याहून जास्त डॉक्टर बायाच आहेत. आणि १९७५ साली तिथे कायदाच झाला की घरकाम आणि मुलांचं करणं हे नवरा-बायको दोघांचं. लग्न लागताना ही कलमं वाचून दाखवायचे! आम्हांला हे वाचून केवढा आनंद झाला. पण पुढचं वाचलं आणि गप्प झालो. टंचाई आली तेव्हा रांग तिच्याच वाट्याला आली, मध्यरात्रीचा भातही तिच्याच. कायद्यानं काम वाटून दिलं. घरानं ते वाटून घेतलं नाही.

तांदूळ कमी पडला तर त्याची बातमी होते. तो मिळवताना बाईचे किती तास गेले, ते कोणत्याच वहीत लिहीत नाहीत. क्यूबातही नाही, आपल्याकडेही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी एक काम करा. रेशन, पाणी, सरपण, दवाखाना, यांच्यासाठी आठवड्यात आपण किती तास उभ्या राहिलो, ते गटाच्या वहीत मांडा. शेजारच्या रकान्यात घरातला पुरुष किती तास उभा राहिला, तेही लिहा. मग दोन्ही रकाने घरी मोठ्यानं वाचून दाखवा.

भेटू या पुढच्या वेळी. नमस्कार.