रस्त्यावरचा भार आणि मालकाची जबाबदारी

(भिंगार परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणारा महामार्ग भिंगारवरून जातो. शाळेला निघालेली मुले आणि मालाने वाकलेले ट्रक याच रस्त्याने जातात. गळीत हंगामाच्या तोंडी पाथर्डी व बीडकडील ऊसतोडणी कामगार बायकामुलांसह ट्रकमध्ये बसून घर सोडतात. त्यामुळे वाहतुकीची सुरक्षितता हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे.

अपघात झाला की पहिला दोष चालकाला दिला जातो. परंतु माल किती भरावा, झिजलेले टायर केव्हा बदलावेत, मुक्कामी किती वाजता पोहोचावे, हे बहुधा चालक ठरवीत नाही. ते मालक, दलाल आणि माल पाठविणारा ठरवितो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायात सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास कामाची मर्यादा घातली होती. एकाच धंद्यातील ट्रक निरनिराळ्या नावांवर दाखविले, की अशा मर्यादेतून निसटण्याची वाट मोकळी होते.

कायद्यात मात्र मालकाची सुटका नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार जादा भार वाहणारा जसा दोषी, तसाच तो वाहू देणाराही दोषी आहे. 2018 पासून दोन आसांच्या सहा चाकी ट्रकला वाहनासह 18.5 टनांची मर्यादा आहे. 2019 च्या दुरुस्तीनुसार मर्यादा ओलांडल्यास 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड होतो. शिवाय जादा माल उतरविल्यावाचून गाडी पुढे नेता येत नाही. दंड भरून तोच भार पुढे नेऊ देण्याची काही राज्यांतील प्रथा सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली परमजित भसीन प्रकरणात बेकायदा ठरविली. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहतूकदार संस्थेला नोंदणी सक्तीची केली असून जादा भार भरण्यास मनाई केली आहे.

मग उणीव कोठे राहते? तपासणी रस्त्यावर होते आणि भार भरला जातो तो गोदामात, खाणीवर, बाजार समितीच्या आवारात. साखर कारखान्यावर उसाची प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. जादा भाराचा पुरावा त्या पावतीवरच लिहिलेला असतो. तपासणीचा हात त्या काट्यापर्यंत पोहोचला, तर चालकाआड दडलेला धनी आपोआप समोर येईल.

पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील खाणी व गोदामांतून निघणाऱ्या अशा गाड्यांची माहिती प्रादेशिक परिवहन कार्यालयास लेखी कळवावी. शिक्षकांनी मालट्रकमधून माणसे नेण्याचा धोका पालकांना समजावून सांगावा. अधिकाऱ्यांनी चालकाबरोबर मालकाचेही नाव प्रकरणात नोंदवावे. भाड्याचा लाभ ज्याच्या पदरी पडतो, त्याने जीविताची जबाबदारीही पत्करली पाहिजे.