रानकबुतरांचा माग



शिकारीवर बोलण्याचा माझा अधिकार अगदींच बेताचा आहे, हें प्रारंभींच सांगून टाकतों. माझें आयुष्य खडूफळ्याच्या संगतींत गेलें; बंदुकीचा आणि माझा संबंध कधीं आला नाहीं. परंतु शिकारीचे दोन भाग असतात. एक सावज मारण्याचा आणि दुसरा तें शोधून काढण्याचा. पहिल्या भागाविषयीं मी कांहीं सांगूं शकणार नाहीं. दुसरा भाग मात्र निरीक्षणाचा, तर्काचा आणि धीराचा आहे, व या तीन गोष्टी मुलांना शिकविण्यांतच शिक्षकाचा जन्म जातो. म्हणून इंग्लंडांतील रानकबूतर शरद ऋतूंत कसें शोधून काढतात, हा विषय मी आज निवडला आहे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊं. आपल्या देवळांच्या शिखरांत घुमणारा पारवा तो हा नव्हे. रानकबूतर पारव्याचें भाऊबंद खरें, पण अंगानें बरेंच मोठें. लांबी सुमारें ४० सेंटिमीटर आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. रंग निळसर करडा, छातीवर गुलाबी झांक, मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा डाग आणि उडतांना पंखांवर ठळक दिसणारा पांढरा पट्टा. लहान पिलाच्या मानेवर डाग नसतो, पट्टा मात्र असतो. याच्याच थव्यांत कधीं कधीं स्टॉक डव्ह नांवाचें लहान कबूतर चरत असतें. त्याला ही पांढरी खूण मुळींच नाहीं आणि त्याला मारण्यास कायद्यानें मनाई आहे. तेव्हां शोधणाऱ्याचा पहिला पाठ ओळखीचा. जो या दोहोंतील भेद क्षणांत सांगूं शकत नाहीं, त्यानें पुढें जाऊंच नये.

ब्रिटनमध्यें रानकबुतरांच्या सुमारें ५० लाख जोड्या असाव्यात असा अंदाज आहे. वाटाणा, कोबी, धान्य, कोंवळीं पानें, यांतील कांहींच त्यांना वर्ज्य नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा पक्षी म्हणजे पंख असलेला टोळच. त्यामुळें शिकाऱ्याला शेतांत येऊं देण्यास शेतकरी बहुधा राजी असतो. पण शेत मोकळें मिळालें म्हणून पक्षी मिळतोच असें नाहीं. कारण त्याचा मुक्काम सतत हलत असतो.

आपल्या पंचांगाप्रमाणें शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. इंग्लंडांत सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने शरदाचे मानतात, आणि या तीन महिन्यांत रानकबुतराचें ताट चार वेळां बदलतें. हीं चार ताटें ज्याला ठाऊक, त्याला कबूतर कोठें आहे हें निम्म्याहून अधिक ठाऊक झालें.

पहिलें ताट सांडलेल्या धान्याचें. ऑगस्टांत गहूं व जव यांची कापणी होते. यंत्रांतून निसटलेले दाणे धसकटांत पडून राहतात आणि थवे त्या शेतांवर उतरतात. पूर्वीं धसकटें हिवाळ्यांतही पुष्कळ दिवस तशींच राहत. हल्लीं कापणीमागोमाग नांगर चालतो, त्यामुळें ही पंगत लवकर उठते. काल पक्ष्यांनीं भरलेलें शेत आज ओसाड दिसतें.

मग पक्षी गेले कोठें? नवशिका येथेंच गोंधळतो आणि सारे पक्षी देशांतरास गेले असें समजून घरीं परततो. ते गेलेले असतात झाडांवर. हें दुसरें ताट. ऑक्टोबरांत ओक वृक्षाचीं फळें पिकतात. सुपारीसारखीं, डोक्यावर टोपी घातलेलीं. कबूतर तें फळ न फोडतां सबंध गिळतें. शिवाय बीच वृक्षाचीं तिकोनी बीजें, कुंपणांतील हॉथॉर्नचीं तांबडीं फळें आणि एल्डरचीं काळीं फळें असतातच. आपल्या आंब्याप्रमाणें ओकलाही दरवर्षीं सारखा बहर येत नाहीं. एखाद्या वर्षीं झाडाखालीं सडा पडतो, तर दुसऱ्या वर्षीं फळ शोधावें लागतें. बहराच्या वर्षीं कबुतरें शेतांकडे फिरकतही नाहींत. म्हणून जाणता मनुष्य सप्टेंबरांतच ओकच्या फांद्यांकडे मान वर करून पाहून ठेवतो.

तिसरें ताट पेरणीचें. हिवाळी गव्हाची पेरणी याच दिवसांत होते. दाणा मातीआड नीट गेला तर तो कबुतराला मिळत नाहीं, कारण कोंबडीप्रमाणें पायांनीं माती उकरण्याची संवय त्याला नाहीं. पण पेरणीचें यंत्र जेथें वळतें, किंवा यंत्रांत बी भरतांना जेथें सांडतें, तेथें दाणे उघडे राहतात. शेताचे ते कोपरे पाहावेत. चौथें ताट हिरव्या पानांचें. दिवस लहान झाले, फळें संपलीं, कीं थवे क्लोव्हर या चाऱ्याच्या आणि रेप या मोहरीवर्गांतील पिकाच्या शेतांकडे वळतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत रेपची लागवड तेथें फार वाढली, आणि हिवाळ्यांत कबुतरांची उपासमार टळून त्यांची संख्या वाढण्याचें तें एक मोठें कारण मानलें जातें.

आतां प्रत्यक्ष शोधाची रीत पाहूं. शोधाच्या दिवशीं बंदूक घरींच असते. बरोबर दुर्बीण आणि हवा तेवढा वेळ. एखाद्या उंचवट्यावरून आसमंत न्याहाळावयाचा. थवा कोठें बसला आहे यापेक्षां तो कोठून येतो आणि कोणत्या वाटेनें जातो, हें महत्त्वाचें. आकाश सारें मोकळें असलें तरी कबुतरांच्या वाटा ठरलेल्या असतात. झाडांची रांग, कुंपण, ओढ्याची घळ, रानाची कड यांच्या आधारानें तीं उडतात. वाटेंत एखादें उंच झाड असतें. तेथें थोडें टेकून, खालचें शेत नीट पारखून मगच उतरतात. असें झाड सांपडलें कीं त्याच्या बुंध्याशीं जाऊन जमीन पाहावी. ताजी विष्ठा, गळालेलीं पिसें हीं त्यांच्या वहिवाटीचीं चिन्हें होत.

वारा हा दुसरा गुरु. वाऱ्यासमोर उडणारें कबूतर जमिनीला धरून येतें, पाठवाऱ्यानें येणारें उंचावरून जातें. उतरतांना तें वाऱ्याकडे तोंड करतें. म्हणून शिकारी आपला आडोसा कुंपणाला लागून उभारतो आणि समोर वीस-पंचवीस वारांवर लांकडी किंवा प्लॅस्टिकचे फसवे पक्षी घोड्याच्या नालाच्या आकारांत मांडून मध्यें जागा मोकळी ठेवतो. येणारा पक्षी आपल्या जातीची पंगत बसलेली पाहतो आणि नेमका त्या रिकाम्या जागेंत उतरूं लागतो. आपण बुजगावणें उभारतों तें पांखरें पळविण्यासाठीं. हें त्याच्या अगदीं उलट.

मारलेल्या पक्ष्याची अन्नपिशवी उघडून पाहण्याची रीतही तेथें आहे. पिशवींत ओकचीं फळें निघालीं तर रान शोधावें, दाणे निघाले तर पेरणी, पानें निघालीं तर रेप. पक्षी सकाळीं कोठें जेवला याची नोंद त्याच्या गळ्यांतच असते.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस आणि पिरेनीज पर्वताच्या खिंडींत ही विद्या निराळें रूप घेते. उत्तर युरोपांतील थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत याच मार्गानें स्पेनकडे उतरतात. तेथें पक्षी शोधीत फिरावें लागत नाहीं. त्याची वाट अडवून बसावें लागतें. स्पेनच्या हद्दींतील एचालार गांवीं खिंडींत मोठमोठीं जाळीं उभीं करतात. थवा आला कीं उंच बुरुजांवरील माणसें पांढऱ्या लांकडी थाप्या हवेंत भिरकावतात. ससाणा झेपावला असें वाटून कबुतरें जमिनीलगत खालीं येतात व जाळ्यांत शिरतात. पंचतंत्रांतील चित्रग्रीवाचें कुटुंब दाण्याच्या लोभानें जाळ्यांत सांपडलें; हीं भयानें सांपडतात. लोभ आणि भय, या दोन दोऱ्यांनींच प्राणिमात्र बांधला जातो.

येथपर्यंत कौतुकाचा भाग झाला. पण एवढें शोधून आणि मारून साधतें काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. एके काळीं पिकें वांचावीं म्हणून ब्रिटिश सरकार काडतुसांच्या खर्चाचा कांहीं भाग सोशीत असे. आर. के. मर्टन या शास्त्रज्ञानें केंब्रिजशायरमधील कार्लटन गांवाच्या परिसरांत वर्षानुवर्षें अभ्यास केला आणि १९६५ सालीं या पक्ष्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, कीं हिवाळ्यांतील सरसकट गोळीबारानें कबुतरांची संख्या घटत नाहीं. किती पक्षी जगणार हें अन्न ठरवितें. बंदुकीनें जे मेले, त्यांतील पुष्कळसे नाहींतरी उपासानें मेलेच असते. तेव्हां बंदुकीचा उपयोग असलाच तर तो ज्या शेताचें नुकसान होत आहे, तेथें, त्या वेळेपुरता.

दुसरी गोष्ट याहून मनाला लागणारी. या पक्ष्याची वीण पिकत्या धान्याच्या सुमारास, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरांत भर घेते. मादी दोन अंडीं घालते आणि नर व मादी दोघेंही आपल्या अन्नपिशवींत तयार होणारें दुधासारखें अन्न पिलांना भरवितात. शरदाच्या आरंभीं धसकटांवर मारलेल्या पक्ष्याचीं पिलें घरट्यांत वाट पाहत असण्याचा संभव असतो. इंग्लंडांत १९८१ च्या कायद्यानें रानपक्ष्यांना सामान्यतः संरक्षण आहे. पिकांचें गंभीर नुकसान टाळण्यासाठीं दिलेल्या सर्वसाधारण परवान्याच्या अटी पाळूनच रानकबूतर मारतां येतें. २०१९ सालीं कायदेशीर आक्षेपामुळें असे तीन परवाने मागें घेऊन त्यांऐवजीं नवे द्यावे लागले. परवान्यांत वीण पाहून बंदूक खालीं ठेवण्याची बुद्धि मात्र लिहून देतां येत नाहीं; ती शिकाऱ्याजवळच असावी लागते.

शोधण्याची कला अति सोपी झाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथील पॅसेंजर पिजन नांवाच्या कबुतरांची संख्या अब्जांनीं मोजली जाई. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आणि तारायंत्र पसरलें. थवा कोठें विणीस उतरला याची बातमी तारेनें पसरे, शिकारी गाडीनें येऊन पोहोंचत आणि मेलेले पक्षी पिंपांत भरून शहरांकडे रवाना होत. १८७८ सालीं मिशिगन प्रांतांतील पेटोस्की येथें अशी प्रचंड कत्तल झाली. रानेंही तुटत होतींच. त्या जातीची शेवटची मादी, जिला मार्था हें नांव दिलें होतें, १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेली. पूर्वीं पक्षी शोधण्यास डोळे, पाय आणि धीर लागे, आणि तीच त्या पक्ष्याची ढाल होती. तारेनें ती ढाल काढून घेतली.

आपल्याकडे पाहावयाचें तर हरियाल हा पक्षी याच कबुतरांच्या कुळांतला आणि तोच आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरवट अंग, पिवळे पाय. वडाला, पिंपळाला, उंबराला फळें आलीं कीं तो येतो, हें आपल्या शिकाऱ्यांना पूर्वींपासून ठाऊक होतें आणि त्या झाडांखालीं बंदुका वाजत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस आतां बंदी आहे. परंतु त्याला शोधण्यास बंदी नाहीं. फळांनीं लगडलेल्या वडाखालीं सकाळीं उभे राहा. प्रथम कांहींच दिसणार नाहीं. पानांत पान मिसळावें तसा तो मिसळलेला असतो. मग एखादें फळ खालीं पडेल, शिळेसारखा मंजुळ स्वर कानीं येईल, आणि ज्या फांदीवर कोणीच नव्हतें तेथें दहा पक्षी दिसूं लागतील. मुलांना बरोबर न्या. झाड कोणतें, फळ केव्हां पिकतें, पक्षी कोणत्या बाजूनें आले, हें त्यांना वहींत लिहूं द्या. इंग्लंडांतील शिकारी ज्या विद्येवर पक्षी गांठतो, तीच ही विद्या आहे. आणि पुढें तो वड तोडण्याची वेळ आली, तर त्यावर कोण जेवतें हें सांगणारें गांवांत कोणी तरी असेल.