कोल्हापूर ते लंडन : वाट किती, वेळ किती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला जाऊन आले, त्याची हकीगत सांगावी असा आपण आग्रह केलात, म्हणून उभी राहिले आहे.

“लंडन किती लांब हो?” असे मला सगळ्याजणी विचारतात. मुंबईहून आकाशमार्गे ते सुमारे ७२०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे कळत नाही. माझ्या धाकट्याने पृथ्वीचा गोल आणून दोन्ही गावांवर दोरा ताणून धरला. तो दोरा जातो तीच जवळची वाट. विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते, म्हणजे आठ तास झाले. पण चढण्या-उतरण्यात वेळ जातो, वाट थोडी वळवावी लागते आणि जाताना वरचा पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. म्हणून साडेनऊ तास लागले. परतताना तोच वारा पाठीशी होता, तेव्हा नऊच लागले.

घड्याळाने मात्र मला चकविले. दुपारी दोनला मुंबई सोडली आणि त्याच संध्याकाळी सातला लंडनला उतरले! पाचच तास कसे? तर उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते, हिवाळ्यात साडेपाच.

आता घरापासूनचा हिशेब ऐका. लेकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्याचा फोन आला. त्याच रात्री नऊच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले. मुंबईला पोहोचायला साडेदहा तास! म्हणजे विलायतेपेक्षा मुंबईच लांब. मग विमानतळावरची तपासणी, रांगा, आणि तिकडे उतरून लेकीपर्यंत अडीच तास. एकूण एकोणतीस तास झाले.

मी आकाशात असतानाच नात जन्मली. इथे घरी सर्वांना कळले, गल्लीत पेढे वाटले, आणि आजीलाच पत्ता नाही! उतरल्यावर फोन लावला तेव्हा यजमानांनी सांगितले. तिथेच बाकावर बसून मी रडले.

१८७० साली आपले छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. तेव्हा आगबोटीच्या प्रवासाला आठवडे लागत. ते आठवले म्हणजे एकोणतीस तासांची तक्रार करवत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्या बहिणींना एकच सांगते. पासपोर्ट आणि व्हिसा आधीच करून ठेवा. माझा व्हिसा महिनाभर आधी हाती होता, म्हणून त्या रात्री निघता आले. नाहीतर विमान कितीही वेगाने जावो, आई घरातच बसून राहते.