रम उडून जात नाही

 

नावापुढे कर्नल आणि विषय बेकिंगचा, म्हणून आयोजकांनी मला दोनदा फोन करून खात्री करून घेतली. मी पायदळातला माणूस. चाळिशी उलटेपर्यंत मला चहासुद्धा धड करता येत नव्हता, कारण कधी करावाच लागला नाही. आता निवृत्तीनंतर सिकंदराबादला सैनिकपुरीत राहतो आणि महिन्यातून दोनदा इटालियन पद्धतीच्या वड्या भाजतो. खाली खुसखुशीत थर, वर रिकोटा, त्यात रममध्ये भिजवलेली फळं आणि काळ्या चॉकलेटचे तुकडे. कृती सांगणारच आहे. पण मी आज इथे उभा आहे तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती ओघात येईल.

2008 साली मी दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत स्टाफ ऑफिसर होतो. मुख्यालय नकूराला, भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर. तेव्हा फोर्स कमांडर इटालियन होते आणि इटालियन तुकडीही मोठी होती. चांगली कॉफी कुठे मिळते हे सगळ्या देशांच्या ऑफिसरांना दोन दिवसांत कळायचं. त्यांची मेस सांभाळणारा एक मारेशाल्लो होता, म्हणजे साधारण आपल्या जेसीओसाहेबांच्या जोडीचा माणूस, उंब्रिया प्रांतातला. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. त्याला सांगितलं, आमचे नायक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तुमच्याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बशीत क्रोस्ताताचा एक चौकोनी तुकडा ठेवलेला होता.

तिथून मी त्याच्या स्वयंपाकघरात घुसलो तो घुसलोच.

आता कृती. खालच्या थराला ते पास्ता फ्रोला म्हणतात. 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम गार लोणी, 100 ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं आणि वर एक पिवळा बलक, लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. लोणी मैद्यात बोटांनी चोळायचं, आपण शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं. अंडं घातल्यावर मात्र मळायचं नाही. गोळा जमला की हात काढा. जास्त मळलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि वडी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी चामट होते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. मग आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये दोन तृतीयांश पीठ थापायचं, काट्याने टोचायचं, 180 अंशांवर पंधरा मिनिटं भाजून घ्यायचं. ही पंधरा मिनिटं कंटाळ्याने वाचवू नका, तळ ओला राहतो.

रिकोटा विकत आणायची गरज नाही. इटालियनमध्ये रिकोटा म्हणजे पुन्हा शिजवलेलं. चीज काढून उरलेली निवळी परत तापवून तो काढतात. आपल्या घरी एवढी निवळी कुठून येणार? मी दोन लिटर म्हशीचं दूध उकळून लिंबाच्या रसाने हलकेच नासवतो आणि पंचात बांधून टांगतो. श्रीखंडाचा चक्का टांगतात तसंच, फक्त इतका कोरडा होऊ द्यायचा नाही. मग तो मिक्सरमध्ये गुळगुळीत करून त्यात 100 ग्रॅम साखर, एक अंडं, संत्र्याची साल.

फळांच्या बाबतीत हैदराबादकरांचं नशीब थोर. इथे खुबानी का मीठा घरोघर होतो, त्यामुळे बेगम बाजारात सुके जर्दाळू ढिगाने मिळतात. बिया काढून 120 ग्रॅम जर्दाळू आणि 60 ग्रॅम मनुका घ्या, कोमट रम ओता, झाकून रात्रभर ठेवा. रम सीएसडी कँटीनची, हे सांगायला नको. भिजवायचं ते केवळ वासासाठी नाही. सुकं फळ तसंच घातलं तर ते रिकोट्यातलं पाणी ओढून घेतं, वडी कोरडी पडते आणि फळ वातडच राहतं. उलट गळणारं फळ घातलं तर तळ भिजतो. म्हणून गाळा, फडक्यावर टिपा, मगच मिसळा.

चॉकलेट सुरीने चिरायचं, वितळवायचं नाही. पहिल्यांदा मी शहाणपणाने चॉकलेट वितळवून त्यातच दोन चमचे रम टाकली. क्षणात वाळूसारखा गोळा! थोडासाच ओलावा मिळाला की चॉकलेटमधली साखर ओली होऊन एकमेकींना चिकटते, तोच हा प्रकार. आणि वेष्टनावर कोको बटर लिहिलंय का बघा. वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट स्वस्त पडतं, पण जिभेवर मेणासारखं बसतं.

100 ग्रॅम चॉकलेट, फळं, रिकोटा एकत्र करून भाजलेल्या थरावर पसरा, उरलेल्या पिठाच्या पट्ट्या वर आडव्या-उभ्या टाका, आणखी तीस मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये चार तास. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सोळा वड्या कापा. गरम असताना कापलात तर खिचडी होईल.

आता ती गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माझे जुने सुभेदारसाहेब आणि वहिनी फराळाला आले. ते साताऱ्याकडचे, मुलाच्या नोकरीमुळे आता हैदराबादला असतात. मी मेजर असताना ते माझ्या कंपनीत होते. मी ट्रे पुढे केला. रमचा वास लपत नव्हता, कारण भिजवून उरलेली रम मी भाजल्यानंतर वरून शिंपडली होती. ते म्हणाले, "साहेब, मी सोडलीय."

मी हसलो. म्हटलं, "अहो सुभेदारसाहेब, भट्टीत सगळी उडून जाते. नुसता वास राहतो."

त्यांनी तीन खाल्ल्या. आवडल्या म्हणून खाल्ल्या की साहेबांनी स्वतः वाढल्या म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. वीस मिनिटांत त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या सुरू झाल्या. गाडीत वहिनींनी सांगितलं, ते डायसल्फिरामच्या गोळ्या घेत होते. दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध. दारूतून शरीरात तयार होणारं एक विषारी द्रव्य पुढे मोडू देत नाही, ते साचत जातं. अशा माणसाला थोडीशी दारूही बाधते, आणि गोळी बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत बाधू शकते. दवाखान्यात रात्रभर ठेवलं. सकाळी बरे झाले. त्या रात्रभर बाकावर वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. हे काम आधी करायला हवं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक तक्ता आहे. न ढवळता पंचवीस मिनिटं भाजलेल्या पदार्थात 45 टक्के अल्कोहोल उरतं. मिसळून अर्धा तास शिजवलं तर 35 टक्के. पेटवून ज्वाळा दाखवतात ना हॉटेलात, त्यात तर 75 टक्के तसंच राहतं. अडीच तास शिजवल्यानंतर कुठे 5 टक्क्यांवर येतं. आणि वरून शिंपडलेली रम तर भट्टीत गेलेलीच नव्हती. मी हिशेब केला. 120 मिली रम घेतली होती. तीन वड्यांत साधारण चहाचा एक चमचा शुद्ध अल्कोहोल गेलं.

फौजेत असताना नकाशा न बघता मी कुणालाही पुढे पाठवलं नाही. इथे पाठवलं, आणि तेही हसत.

आता मी दोन ट्रे करतो. दुसऱ्या ट्रेची फळं कडक कोऱ्या चहात भिजवतो, त्यात संत्र्याचा रस आणि दालचिनीचा तुकडा. चहाचा तुरटपणा चॉकलेटला छान जुळतो. खरं सांगू का, जर्दाळू रमपेक्षा चहात जास्त खुलतो. मारेशाल्लोला हे पटणार नाही. ट्रेवर ठळक चिठ्ठी असते, सुऱ्या वेगळ्या असतात, आणि चहाचा ट्रे आधी कापतो. पाहुण्याला विचारत नाही की तुम्ही घेता का. चारचौघांत त्या प्रश्नाचं उत्तर देणं प्रत्येकाला सोपं नसतं. आधीच सांगतो, यात रम आहे आणि ती उडालेली नाही, यात नाही. ज्याला जो हवा तो तो उचलतो. लहान मुलं, गरोदर बायका, औषधं घेणारे, धर्मामुळे न घेणारे, सगळ्यांची सोय होते.

गेल्या दिवाळीला सुभेदारसाहेब आणि वहिनी परत आले. मधली दोन वर्षं आले नव्हते. दारातच त्यांनी हसून विचारलं, "साहेब, कुठला ट्रे?"

"डावीकडचा. चहाचा."

वहिनींनी त्यातली एक वडी उचलली, वास घेतला, अर्धी स्वतः खाऊन बघितली. मग उरलेली अर्धी त्यांच्या ताटलीत ठेवली.